वजनकाट्यावर घेण्याआधी ट्रॉलीचा रिफ्लेक्टर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात जावयांच्या नव्या गाडीतून बेळगावहून निपाणीला येत होतो. हत्तरगीचा टोलनाका मागे पडल्यावर त्यांनी अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलचे बटण दाबून वेग 90 वर लावला आणि पाय काढून घेत म्हणाले, "मामा, आता अंतर गाडीच राखते." राखत होतीही. पुढची जीप हळू झाली की आमची हळू, जीप सुटली की आमचीही सुटायची. संकेश्वरच्या अलीकडे ती जीप एकदम उजवीकडे गेली आणि समोर उसाची डबल ट्रॉली उभी! पंक्चर झालेली, मागे लाल दिवा नाही, चाकाला दगड लावलेले, वाढं (उसाचे शेंडे) रस्त्यावर लोंबतंय. जीप बाजूला झाल्याने रस्ता मोकळा झाला अशा समजुतीने गाडीने उलट वेग वाढवला. जावयांनी वेळेत ब्रेक दाबला, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

गाडी बिघडलेली नव्हती. उभी वाहने ओळखली जातीलच असे नाही, हे पुस्तिकेत छापलेले आहे. इंग्रजीत, बारीक अक्षरात. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे कारण लगेच लक्षात आले. गाडीच्या तोंडाशी बसवलेले रडार साधारण 77 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. परतलेल्या लहरीची वारंवारिता किती बदलली यावरून पुढच्या वाहनाचा वेग कळतो. धुके, पाऊस असला तरी ते सहसा काम करते. पण हायवेवर पाट्या, पूल, डिव्हायडर असे उभे लोखंड पावलोपावली. प्रत्येकाला ब्रेक लागला तर गाडी घरी पोचायची नाही, म्हणून आधीपासूनच जागेवर उभे असलेले काही दिसले की बऱ्याच यंत्रणा काणाडोळा करतात. काचेमागचा कॅमेरा जोडीला असतो खरा, पण तो शिकलाय गाड्यांच्या पाठी आणि मागचे दिवे बघून. अंधारात वाढ्याने झाकलेला ढीग त्याने वाहन म्हणून कसा ओळखावा? आणि 90 च्या वेगात सेकंदाला 25 मीटर रस्ता संपतो.

तवंदी घाटात तर हे बटण लावूच नये. वळणावर पुढची गाडी रडारच्या झोतातून निसटते आणि आपली पळू लागते.

शोरूमवाल्यांनी किल्ली देताना पेढ्यांच्या जोडीला एवढे तरी मराठीत आणि कन्नडमध्ये सांगावे. आमच्या वेळी सनरूफ उघडून दाखवण्यातच अर्धा तास गेला. साखर कारखान्यांना विनंती, की मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये. पोलिसांच्या दंडापेक्षा हे लवकर लागू पडेल. आणि पंक्चर निघाल्यावर चाकाचे दगड उचलायला ट्रॅक्टरवाल्यांना सांगावे. त्या रात्रीचे दोन दगड परवापर्यंत तिथेच पडून होते.

– एक वाचक, निपाणी