शब्द वापरायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा पहिला इंग्रजी शोधनिबंध छापून आला. तपासणाऱ्यांनी आकडेवारीवर भरपूर प्रश्न काढले, भाषेवर एकही नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला याचं केवढं अप्रूप असतं, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. हे श्रेय तुमचं आहे आणि ते चारचौघांत सांगायचं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

कृषी महाविद्यालयात आम्ही सगळेच अवघड इंग्रजी शब्दांची पुस्तकं पाठ करायचो. अवघड शब्द वेगळा आणि उपयोगाचा वेगळा, हे तुम्ही पहिल्याच तासाला सांगितलंत आणि अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची यादी हातात ठेवलीत. न्यूझीलंडच्या या भाषा-अभ्यासक महिलेनं सुमारे ३५ लाख शब्दांचं विद्यापीठीय लेखन तपासून २००० साली ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट, निवडली. अभ्यासाच्या पुस्तकात साधारण दर दहावा शब्द त्यांतला असतो. डिराइव्ह, कन्सिस्टंट, सिग्निफिकंट, हायपोथेसिस... माती परीक्षणावरचं कुठलंही पान उघडा, यांतलं कुणीतरी भेटतंच.

पण खरी जादू तुमच्या कार्डांत होती. 'एव्हिडन्स'चं कार्ड अजून डोळ्यांसमोर आहे. वर शब्द, खाली उच्चार, मग त्याच्याआधी येणारी विशेषणं: स्ट्राँग, कन्क्लूझिव्ह, स्कँट. त्याच्यामागून येणारे फॉर आणि ऑफ. कोपऱ्यात लाल शाईत, 'अनेकवचन करू नये'. पाठीमागे वर्तमानपत्रातून तुम्ही स्वतः शोधलेलं वाक्य, तारखेसकट. प्रत्येक कार्डामागे तुमची एक संध्याकाळ गेली असेल, हे तेव्हा कळलं नव्हतं.

ही दृष्टी हॉर्नबींच्या कोशातून आली, असं तुम्ही म्हणायचात. ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवत. सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. क्रियापदापुढे काय चालतं आणि काय चालत नाही, याची त्यात पद्धतशीर मांडणी होती. 'अव्हॉइड'पुढे क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येणार, 'टू' लावून नाही. असं कळलं की शब्द बिनधास्त वापरता येतो. कोश असा वाचायचा असतो, हे मला दुसऱ्या कुणीच सांगितलं नाही.

उजळणीला तुमचं कप्पे पाडलेलं बुटांचं खोकं. आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलेलं पुन्हा पहिल्यात. ही युक्ती पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांची, १९७२ मधली. आता फोनवर तिची अ‍ॅप्स आहेत, पण स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्ड जास्त लक्षात राहतं, असं माझं ठाम मत आहे.

एका बाबतीत मात्र तुमच्याहून वेगळं मत झालंय. शब्दाच्या ग्रीक-लॅटिन मुळांवरून अर्थ ओळखा, असं तुम्ही म्हणायचात. ही मुळं 'फोटोसिंथेसिस'सारख्या शास्त्रीय शब्दांत फार कामाची. रोजच्या इंग्रजीत त्यांवरून अंदाज बांधला की पुष्कळदा चकवा बसतो. भेटल्यावर यावर बोलायचंच आहे.

कॉलेज सुटल्यावरही तुम्ही थांबायचात. शिकवणीचा एक पैसा घेतला नाहीत. त्या वेळाबद्दल मी आयुष्यभर ऋणी आहे.

माझ्या प्रयोगशाळेत आता मराठी माध्यमातल्या दोन मुली आल्या आहेत. दिवाळीत त्यांना घेऊन येते. तुमची जुनी कार्डं माळ्यावरून काढून ठेवाल का? आम्ही फोटो काढून घेऊ.

आपली विद्यार्थिनी