हमिंगबर्ड आणि ओसरीतले कोळिष्टक

एडिसन, न्यू जर्सी
१७ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र कालच मिळाले. मुलीने नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलेला घर घेतले, तुम्ही उभयता मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी तिच्याकडे येणार आणि तिच्या परसात हमिंगबर्ड यावेत म्हणून काय करावे असे तू मलाच विचारलेस, याचा फार आनंद झाला. गेली अकरा वर्षे मी या पक्ष्याच्या नादात आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेस घरटे करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड. वजन जेमतेम ३ ग्रॅम, पण हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढून परतताना यांतले कितीतरी पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे ८०० किलोमीटर कुठेही न टेकता येतात. रॅलेला ते मार्चअखेरीस किंवा एप्रिल लागता लागता पोहोचतात, आमच्याकडे एप्रिलच्या उत्तरार्धात. म्हणून गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी साखरपाण्याचे टांगते भांडे, लाव.

त्यात घालायचे ते एवढेच: एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, विरघळवून पूर्ण गार केलेले. मध घालू नकोस, त्याचे पाणी लवकर आंबते आणि त्यात बुरशी धरते. गूळ किंवा तांबूस साखरही नको, कारण त्यांतले लोह या पक्ष्यांना बाधते. पाण्याला लाल रंग देण्याचे तर काहीच कारण नाही, फीडरचा लाल रंग त्यांना लांबूनही दिसतो. पहिल्या वर्षी मी बाजारातले तयार लाल पाणी आणले आणि जुलैच्या उन्हात ते आठवडाभर तसेच राहू दिले. पक्षी फीडरपर्यंत येऊन परत का फिरतात म्हणून जवळ जाऊन पाहिले, तर प्लास्टिकच्या फुलांच्या भोकांत काळी बुरशी चढली होती. त्या आठवणीने आजही जीव चुटपुटतो. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदल आणि फीडर गरम पाण्याने, ब्रशने घासून धू. एखादा नर फीडरवर हक्क सांगून इतरांना हुसकू लागला, तर त्याच्या नजरेआड, घराच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक टांग.

परंतु साखरपाण्याने पक्षी येतो, राहत नाही, हे मला फार उशिरा कळले. सुरुवातीची तीन वर्षे तो यायचा, दोन घोट घ्यायचा आणि निघून जायचा. त्या काळात हिरवळीचे काम ज्यांना दिले होते, ते मला न विचारता साऱ्या अंगणात कीटकनाशक फवारून जात. या पक्ष्याला चिलटे, मावा, लहान कोळी असे जिवंत अन्न लागते, पिल्लांचे पोषण तर मुख्यतः त्यावरच होते. मी फवारणी कायमची बंद केली.

त्यानंतरच्या मे महिन्यातली एक सकाळ सांगतो. ओसरीच्या कोपऱ्यातली कोळिष्टके काढायला मी झाडू घेऊन उभा होतो आणि हातभर अंतरावर एक मादी हवेत स्थिर झाली. तिने जाळ्यात चोच खुपसली, मान इकडून तिकडे फिरवून धागे गुंडाळले, आणि मागे सरकली तेव्हा तिच्या चोचीवरून पांढऱ्या गळ्यापर्यंत एक तंतू चकाकत होता. पंखांच्या वाऱ्याने उरलेले जाळे हलत राहिले. या मादीचे घरटे अर्ध्या अक्रोडाच्या कवचाएवढे असते. कोळ्याच्या धाग्यांनी बांधलेले, वरून दगडफुलासारख्या शेवाळी पापुद्र्यांनी मढवलेले, त्यात घेवड्याच्या दाण्याएवढी दोन अंडी. धागा ताणला जातो म्हणून पिल्ले वाढतात तसे घरटेही सैलावते. ते जाळे मी काढले असते, तर तिने दुसरीकडून धागे आणले असते, हे खरे. पण तेव्हापासून त्या कोपऱ्याला मी झाडू लावलेला नाही.

रोपांपैकी एकच निवडायचे झाले तर मुलीला कोरल हनीसकल लावायला सांग. आपल्या मधुमालतीसारखी मांडवावर चढणारी, लांब नळीच्या तांबड्या फुलांची ही वेल तिथलीच आहे. रोपवाटिकेत नाव नीट वाचून घ्या, कारण जपानी हनीसकल ही परकी वेल रानभर पसरून स्थानिक झाडे गुदमरवते. ओलसर जागा असेल तर कार्डिनल फ्लॉवरही लावा. ते उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलते, नेमके पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात तेव्हा.

तुझ्या साताऱ्याच्या घरी जास्वंदीवर येणारा शिंजीर या पक्ष्याचा नातलग नाही, मधासाठी दोघांची चोच वेगवेगळ्या खंडांत तशी घडली एवढेच. शिंजीर बहुधा फांदीवर टेकून मध पितो, हा हवेत तरंगत. पण तुमच्या गॅलरीतल्या तारेला लोंबणारे शिंजिराचे घरटे आठवते ना? तेही कोळ्याच्या जाळ्यानेच विणलेले होते आणि वहिनींनी पिल्ले उडेपर्यंत तिथे कुणाला कपडे वाळत घालू दिले नव्हते. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि लेकीच्या घरी वळचणीची कोळिष्टके एप्रिल-मेमध्ये तशीच राहू द्या, असा माझा निरोपही दे.

तुझा मित्र