हस्की घ्यायचाय? आधी मुलाचं वय सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलं असलेल्या घरांनी कुठला कुत्रा पाळावा यावर तुमच्या पुरवणीत मध्यंतरी एक लेख आला होता, त्यात सायबेरियन हस्कीबद्दल जेमतेम एक ओळ होती, की हा ब्रीड प्रेमळ असतो आणि मुलांसोबत छान राहतो. ओळ खोटी नाहीये. पण एवढ्याच ओळीच्या भरवशावर लोक पिल्लू घरी आणतात आणि वर्ष-दीड वर्षात "कुणी घेणारं आहे का हो" म्हणून फोन करतात, आणि ते फोन घेणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून हे पत्र लिहितेय. घर सुटलेल्या कुत्र्यांना दुसरं घर शोधून द्यायच्या कामात मी बरीच वर्षं आहे. हस्की सोडणारी जी घरं मी बघितली त्यातली बहुतेक वाईट माणसांची नव्हती, छान घरं होती, फक्त घरात लहान मूल होतं आणि कुणालाच वेळ नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. घरात सहा-सात वर्षांच्या आतलं मूल असेल तर हस्कीचं पिल्लू आणू नका. मूल मोठं झाल्यावर आणायचाच असेल तर तीन-चार वर्षांचा, स्वभाव कळलेला मोठा हस्की आणा. आणि तो कुत्रा मुलाचा नसून आईबाबांचा असणार आहे हे घरात आधीच ठरवून टाका, वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून तर आणूच नका.

आधी हस्कीच्या बाजूने बोलते, कारण तो मला मनापासून आवडतो. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुक्ची लोकांनी हा कुत्रा घडवला, हलकं ओझं घेऊन बर्फावरून लांबच्या लांब पळण्यासाठी. स्लेजला एकाच वेळी बरेच कुत्रे जुंपायचे म्हणजे आपसात आणि माणसांशी पटवून घेणारेच कुत्रे कामाचे, त्यामुळे माणसावर धावून जाण्याचा स्वभाव या ब्रीडमध्ये सहसा दिसत नाही. अनोळखी माणूस आला तरी बहुतेक हस्की शेपटी हलवत पुढे जातात, राखण करायला म्हणून कुणी आणत असेल तर साफ निराशा होईल. आकारही राक्षसी नसतो, नर साधारण २० ते २७ किलो आणि मादी १६ ते २३ किलो. मोठ्या मुलांच्या धिंगाण्यात तो आनंदाने सामील होतो, तासन्‌तास थकत नाही, आणि त्याच्यात ती एक माकडचेष्टा करायची हौस असते ना ती मुलांना फार आवडते.

आता १९२५ ची गोष्ट. हस्की विकणारे लोक ही गोष्ट हमखास सांगतात. अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, जास्त करून लहान मुलांनाच होणारा आजार, गावातलं औषध जुनं होऊन गेलेलं, आणि बाहेरून औषध आणायला भर हिवाळ्यात दुसरा मार्ग नाही. तेव्हा नेनानापासून नोमपर्यंत सुमारे १०८५ किलोमीटर स्लेजच्या कुत्र्यांनी ते औषध पोचवलं, २० चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्रे, एकाने दुसऱ्याकडे देत देत, साडेपाच दिवसांत. शेवटच्या टप्प्यातला बाल्टो नावाचा कुत्रा जगभर गाजला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, आणि सर्वात लांबचा अवघड टप्पा मारला तो सेप्पाला नावाच्या चालकाच्या टोगो या कुत्र्याने. गोष्ट खरी आहे आणि अंगावर काटा येतो. पण ती ऐकून लोक म्हणतात बघा, मुलांना वाचवणारा कुत्रा, आणि मला त्याच गोष्टीत उणे चाळीसच्या थंडीत मैलोन्‌मैल पळू शकणारं जनावर दिसतं. ते पळणं त्याच्या रक्तात आहे, घरात सोफा आहे म्हणून ते कमी होत नाही.

रोज दीड-दोन तास. पाय मोकळे करायला खाली नेऊन आणणं वेगळं, मी म्हणतेय ते पळणं, जोरात चालणं, डोक्याला काम देणं. हे रोज म्हणजे रोज, मुलाला ताप असतानाही, परीक्षा असतानाही, पाहुणे आलेले असतानाही. ते नाही झालं की हस्की स्वतःच काम शोधतो, गादी फाडतो, दाराची चौकट कुरतडतो, बाग असेल तर खणतो, आणि भुंकण्यापेक्षा जास्त करून हेल काढून रडतो, ते रडणं बाळाच्या दुपारच्या झोपेच्या वेळेला सुरू झालं की घरातल्या आईची काय अवस्था होते ते मी फोनवर ऐकलेलं आहे. तिच्यावर रागावता येत नाही हो. आधीच एक जीव दिवसभर तिच्या अंगावर, त्यात हा दुसरा, आणि दोघांनाही तीच हवी.

आता लीशचं, म्हणजे कुत्र्याला धरायच्या दोरीचं बघा, यावर कुणी बोलतच नाही. हस्कीला ओढायला शिकवावं लागत नाही, न ओढायला शिकवावं लागतं, आणि त्याला महिने लागतात. आठ-दहा वर्षांचं मूल हौसेने लीश हातात मागतं, आणि सुटू नये म्हणून मनगटाला दोन वेढे मारून घेतं. समोरून मांजर पळालं की पंचवीस किलोचा कुत्रा एका झटक्यात निघतो, वेढा मनगटावर आवळतो, मूल तोंडावर पडतं आणि हात सोडवता येत नाही म्हणून तसंच फरफटत जातं. कुत्र्याने काहीच वाईट केलेलं नसतं, त्याला मागे काय झालं हे कळलंही नसतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, लीश मोठ्या माणसाच्या हातात, मुलाला फारच हौस असेल तर दुसरी लीश जोडून द्या, पण पहिली आपल्याकडे हवीच, आणि वेढा कुणीच मारायचा नाही.

आणि दार! मुलं असलेल्या घराचं दार कधी नीट बंद असतं का. मित्र आला, बॉल बाहेर गेला, चप्पल घालता घालता दार तसंच राहिलं. बाकीचे बरेच कुत्रे अशा वेळी फाटकापर्यंत जाऊन परत येतात, हस्की निघाला की निघाला, हाक मारून मागे फिरेल याचा भरवसा चांगलं ट्रेनिंग झालेल्या हस्कीचाही देता येत नाही. कुंपणावरून उडी मारतो, खालून खणून जातो, कडी उघडायला शिकतो. आणि बाहेर रस्ता असतो. यातल्या काही गोष्टींचा शेवट काय झाला ते मी इथे लिहीत नाही, पण एवढं सांगते की "दार मी उघडं ठेवलं" हे ओझं पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर येऊ नये. घरात ससा, कोंबडी, हॅमस्टर असेल तर आणखीनच विचार करा, छोट्या प्राण्यांच्या मागे लागणं या ब्रीडमध्ये पक्कं असतं.

चावण्याचं काय, हा प्रश्न प्रत्येक फोनवर येतो. कुठलाही कुत्रा चावू शकतो, हस्कीही. लहान मुलांना चावणारा कुत्रा बऱ्याचदा ओळखीचाच असतो, घरातला किंवा शेजारचा, आणि मूल ठेंगणं असल्याने दात चेहऱ्याला आणि डोक्याला लागतात. हे एकदम होत नाही. तुमच्या लेखासोबतच्या फोटोत एका बाळाने हस्कीच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारलेली आहे, सगळ्यांना गोड वाटला असेल, मी मात्र तो बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. कुत्र्याचं तोंड बाळापासून लांब वळलेलं, कान मागे चिकटलेले, जिभेचं टोक नाकावर, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसतंय. हे सगळं मिळून कुत्रा सांगतोय की मला सोडा. बहुतेक कुत्र्यांना घट्ट मिठी आवडत नाही, प्रेमळ कुत्र्यांनाही नाही. अशा वेळी कुणी त्याचं ऐकलं नाही की तो जागच्या जागी ताठ होतो, मग गुरगुरतो, आणि गुरगुरल्याबद्दल त्याला ओरडलं की पुढच्या वेळी तो ती पायरी गाळतो. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधीही मारू नका, मुलाला उचला आणि कुत्र्याला जागा द्या.

दोन वर्षांच्या मुलाला हे शिकवता येत नाही. त्याला फक्त लक्ष ठेवणारा मोठा माणूस लागतो, त्याच खोलीत, मोबाईल खाली ठेवलेला. कुत्रा जेवत असताना, झोपलेला असताना, तोंडात काही धरलेलं असताना मूल जवळ जाता कामा नये, आणि बघायला कुणी नसेल तेव्हा मध्ये बेबी गेट लावा. सहा-सातच्या पुढे मुलाला नियम समजतात आणि पाळताही येतात, म्हणून मी ते वय म्हणते. आणि एवढं सगळं करूनही कधी दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं, घरचाच कुत्रा आहे म्हणून घरी बसायचं नाही.

केसांबद्दल थोडक्यात. दोन थरांचा कोट असतो, रोज थोडे गळतात आणि वर्षातून साधारण दोनदा आतला सगळा थर निघतो, ब्रश एकदा फिरवला की मूठभर लोकर हातात येते आणि हे काही आठवडे चालतं. रांगतं बाळ असेल तर ते केस त्याच्या तोंडात जाणारच. कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर पिल्लू आणायच्या आधी हस्की असलेल्या घरी चार-पाच वेळा जाऊन बसा. आणि उन्हाळ्यात बरं वाटावं म्हणून त्याचं मुंडण करू नका, तो कोट त्याला उन्हापासूनही वाचवतो. बाकी उष्ण आणि दमट हवेत हा कुत्रा ठेवणं मला मुळातच पटत नाही, कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि दमट हवेत ते नीट होत नाही, मग बिचाऱ्याचं पळणं बंद होतं आणि सगळा दिवस चार भिंतींत जातो.

मागे एक कुटुंब हस्की सोडायला आलं होतं. वर्षाचा, निळ्या डोळ्यांचा, देखणा. वडील गाडीतच बसून राहिले, आई कागदांवर सह्या करत होती, आणि आठेक वर्षांची मुलगी मला समजावून सांगत होती की त्याला डावा कान खाजवलेला आवडतो, पाणी पिताना तो आधी पंजा बुडवतो, वाटी जड लागते नाहीतर उलटी करतो. घरात सगळ्यात जास्त त्याच्याकडे बघितलं होतं ते तिनेच. आणायचा की नाही हे तिने ठरवलं नव्हतं, सोडायचंही तिने ठरवलं नव्हतं, "मला वाटलं होतं शांत असेल" असं आई दोनदा म्हणाली. तो कुत्रा पुढे एका रोज पळायला जाणाऱ्या जोडप्याकडे गेला आणि मजेत आहे. मुलीचं काय झालं ते मला माहीत नाही.

म्हणून मोठा कुत्रा आणा म्हणते. पिल्लू बघून पुढे काय निघेल ते सांगता येत नाही, दात शिवशिवतात, सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं वय तर घर डोक्यावर घेणारं असतं. चार वर्षांचा हस्की मुलांजवळ कसा वागतो, मांजर बघून काय करतो, एकटा राहतो का, हे त्याला सांभाळणारा माणूस तुम्हाला आधीच सांगू शकतो, आणि तुम्ही मुलाला घेऊन दोन-तीनदा भेटूही शकता. पिल्लूच हवं असा हट्ट असेल तर निदान आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नका, आईवडील कुत्रे डोळ्यांनी बघा, आणि त्यांच्या डोळ्यांची तपासणी झालीय का ते विचारा, कारण आनुवंशिक मोतीबिंदू या ब्रीडमध्ये आढळतो. विचारल्यावर विक्रेता उडवाउडवी करायला लागला तर तिथून निघा.

तुम्हाला एकच विनंती. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा "मुलांसोबत छान" याच्या शेजारी आणखी दोन रकाने द्या, रोज किती वेळ द्यावा लागतो आणि किती वर्षं सांभाळावा लागतो. हस्कीच्या पुढे दीड-दोन तास आणि १२ ते १४ वर्षं असं लिहा, म्हणजे आज बालवाडीत असलेलं मूल कॉलेजला जाईपर्यंत. आणि लेख जायच्या आधी एखाद्या व्हेटच्या नजरेखालून फोटोही जाऊ द्या.

आपली,
एक नियमित वाचक