मागच्या गेटवरून: मुंबई शहराच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री,
मुंबई शहर जिल्हा, यांस

स. न. वि. वि.

डिलाईल रोडवरच्या आमच्या प्लॉटवर, रस्त्याकडच्या टॉवरच्या तळमजल्यावर स्वस्त मालाचं एक मोठं दुकान येतंय. डाळ-तांदूळ, तेल, साबण, स्टीलची भांडी, शाळेची दप्तरं, पोरांचे कपडे, सगळं छापील किमतीच्या खाली. गाळ्यात रॅक लागलेत, शटरला रंग झालाय. हे दुकान येऊ नये म्हणून टॉवरच्या सोसायटीने तुम्हाला निवेदन दिलंय आणि त्यावर तुम्ही लवकरच 'स्थानिक रहिवाशांची' बैठक घेणार आहात, असं कळलं. ते निवेदन मी माझ्या मुलाच्या मोबाइलवर वाचलं. खाली त्याचीही सही आहे. म्हणून हे पत्र.

मी कोण, ते आधी सांगते. माझे वडील कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आमची चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत. तिचा पुनर्विकास झाला आणि दहा बाय बाराच्या खोलीच्या जागी आम्हाला ३०० चौरस फुटांचं, संडास-बाथरूम आत असलेलं घर मिळालं. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. रात्री दोन वाजता बादली घेऊन रांगेत न उभं राहण्याचं सुख काय असतं, ते त्या रांगेत उभ्या राहिलेल्यालाच कळतं. पुढे रस्त्याला लागून विक्रीचा टॉवर, मागे आमची रिहॅब, म्हणजे जुन्या चाळकऱ्यांची इमारत. प्लॉट एक, पिनकोड एक, गेट दोन. आमचं गेट मागच्या गल्लीत आहे, कचऱ्याची गाडी उभी राहते तिथे. टॉवरच्या जाहिरातीत आमच्या भागाचं नाव 'अप्पर वरळी' असं छापलं होतं. आमच्या चाळीतले म्हातारे ते वाचून पोट धरून हसले होते. पत्र टाकलं तर पोस्टमन नेईल का तिथे, म्हणाले.

मी डबे करते. रोज बावीस. ज्या आवारात माझ्या वडिलांची पाळी असायची तिथे आता काचेची ऑफिसं आहेत. तिथल्या पोरापोरींना माझी भाजी-पोळी जाते. तेव्हा तूरडाळ किलोमागे पंधरा रुपयांनी स्वस्त मिळते की नाही, हा माझ्या घरात चर्चेचा विषय नाही, धंद्याचा आहे.

आता निवेदनाकडे येते. त्यात तीन मुद्दे आहेत: वाहतूक, आग आणि 'परिसराचा दर्जा'. पहिल्या दोन मुद्द्यांवर मिळून पाच ओळी, तिसऱ्यावर दीड पान. त्यात एक वाक्य आहे, 'येणाऱ्या ग्राहकवर्गाचे स्वरूप पाहता इमारतीच्या प्रतिष्ठेस व महिलांच्या सुरक्षिततेस बाधा पोहोचण्याची शक्यता आहे'. साहेब, तो ग्राहकवर्ग म्हणजे मी. माझ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्या केईएममध्ये आया होत्या. समोरच्या चाळीतली, डोळ्यांत तेल घालून फॉल-बिडिंग करणारी काकू. आमच्यातल्याच काही जणी रोज सकाळी साडेसातला सर्व्हिस लिफ्टने त्याच टॉवरमध्ये जातात, यांच्या पोरांना आंघोळी घालतात, कपाटाच्या किल्ल्या यांच्या हातात असतात. तेव्हा सुरक्षिततेला काही होत नाही. त्याच बाया पिशवी घेऊन तळमजल्यावर खरेदीला आल्या की होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच तळमजल्यावर, शेजारच्याच गाळ्यात, परदेशी चीज आणि काचेच्या बरण्यांतलं लोणचं विकणारं दुकान उघडलं. त्याची व्हॅले पार्किंगवाली पोरं गिऱ्हाइकांच्या गाड्या आमच्या मागच्या गल्लीत आणून लावतात. एकदा अँब्युलन्स वीस मिनिटं अडकली. आम्ही टॉवरच्या सोसायटीला पत्र दिलं. उत्तर आलं नाही. त्या दुकानाविरुद्ध निवेदन निघालं नाही, वाहतुकीचा मुद्दा तेव्हा कुणाला सुचला नाही. एक मोटार जेवढी जागा अडवते तेवढ्यात पिशव्या घेतलेली दहा-बारा माणसं उभी राहतात, आणि स्वस्त दुकानात येणारे आमच्यासारखे बहुतेक पायीच येणार. हा हिशेब करायला इंजिनिअर लागत नाही.

पण गर्दीचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. गर्दीने माणूस मरतो हे आम्हाला दुसऱ्याने शिकवायला नको. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या पबमध्ये आग लागली, १४ गेले. त्यातला एक प्रसंग कामावर जाणाऱ्यांच्या वाट्याला आला, दुसरा पार्टीला आलेल्यांच्या. गाळ्याला दुसरा दरवाजा आहे का, अग्निशमन दलाने जिना बघितलाय का, मालाचे टेम्पो कुठे उभे राहणार, शाळा सुटायच्या वेळेला येणार का, हे जरूर विचारा. दरडावून विचारा. फक्त तेच प्रश्न चीजच्या दुकानालाही विचारा, आणि एकाच दिवशी.

या शहरात हे पहिल्यांदा होत नाहीये. १९९९ मध्ये हाजीअलीला क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा आत जायला मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवावं लागायचं, नसेल तर साठ रुपये भरायचे. त्या काळी साठ रुपयांत आमच्या घरची दोन दिवसांची भाजी व्हायची. मग थोड्याच वर्षांत फिनिक्स मिलच्या आवारात बिग बाजार हे स्वस्त मालाचं दुकान आलं, आणि ज्या गेटातून आधी भोंग्याबरोबर माणसं आत जायची त्याच गेटातून बायका कडेवर पोरं घेऊन आत जायला लागल्या. २६ जानेवारी २००६ ला त्यांनी 'सबसे सस्ता दिन' केला, तेव्हा देशभर त्यांच्या दुकानांवर इतकी गर्दी लोटली की काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. मीही गेले होते. प्रेशर कुकर आणला, अजून वापरते, शिटी दोनदा बदलली. पुढे त्याच आवारात अशी दुकानं आली की खिडकीतल्या चपलेची किंमत वाचून मला वाटलं, एखादं शून्य चुकून जास्त पडलंय.

जमिनीचा हिशेब तुम्हाला माहीतच असेल, तरी मांडते. गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम सांगत होता की ती विकासाला काढायची तर ढोबळमानाने एक हिस्सा पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण मंडळाला, घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये तो बदलून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली. आता गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शेडच शेड. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते अडवलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. घरांसाठी अर्ज केलेले गिरणी कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखाच्या वर. त्यातल्या कित्येकांना आता मुंबईपासून लांब, कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीची घरं दाखवली जातायत. त्यामुळे 'या परिसराचा दर्जा' हे शब्द वाचले की मला विचारावंसं वाटतं, कोणत्या सालापासूनचा?

विरोध करणाऱ्यांत एक माणूस असा आहे ज्याचं मला खरंच ऐकावंसं वाटतं. आमचा वाणी. कच्छी. संपात त्याच्या वडिलांनी सगळ्या चाळीला उधारीवर धान्य दिलं, वर्षभर तरी. नंतर त्यांचाही हात आखडला, पण ती लाल वही त्यांनी कुणाच्या तोंडावर फेकली नाही. जे गावाला गेले ते गेले, त्यातले काही जण दहा-दहा वर्षांनी येऊन पैसे चुकते करून गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता मुलगा गल्ल्यावर बसतो. त्याला विचारलं, शेठ, तुमची सही दिसत नाही निवेदनावर? तो म्हणाला, "ताई, दुकान आलं तर मी बसलोच. पण त्यांच्या कागदावर जे लिहिलंय ते माझ्या गिऱ्हाइकांबद्दल लिहिलंय. मी कशी सही करू?"

त्याच्याशी बोलल्यावर एक गोष्ट माझ्या नीट ध्यानात आली. ही स्वस्ताई सगळ्यांसाठी नसते. पाच किलोची पिशवी, तेलाचा डबा, दोनावर एक फुकट, हे सगळं ज्याच्या हातात पहिल्या तारखेला दोन-तीन हजार रोख आहेत त्याला परवडतं. माझ्यासारखीला. समोरच्या फुटपाथवर मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईला वीस रुपयांचं तेल लागतं, दहाची चहा-पावडर लागते, आणि पैसे शनिवारी. तिला त्या एसी दुकानात कुणी असं देणार नाही. तिच्यासाठी वाणीच पाहिजे. म्हणजे गंमत बघा, टॉवरवाल्यांना ज्या 'खालच्या' गर्दीची धास्ती आहे ती तिथे येणारच नाही. येणार आम्ही, त्यांच्याच प्लॉटवर मागच्या बाजूला राहणारे. आणि ते स्वतःही. दर महिन्याला गाड्या काढून लांबच्या अशाच दुकानात जाऊन डिक्की भरून आणणाऱ्या टॉवरमधल्या बाया मला माहीत आहेत. सामान वर चढवायला आमच्यातल्याच जणी असतात ना.

वाण्यासाठी काही करता आलं तर करा. कसं, ते मला ठरवता येणार नाही. गिरणगावात अपना बाजार कामगारांनी उभा केला, १९४८ साली, नायगावात. मुंबई ग्राहक पंचायतीचा वाटप संघ माझ्या मावशीच्या खोलीत भरायचा. टेम्पोतून पोती उतरायची आणि दहा-बारा बायका यादी बघून तांदूळ-डाळ वाटून घ्यायच्या. दुकान नाही, गल्ला नाही. स्वस्त माल आणि ओळखीची माणसं या दोन्ही गोष्टी तेव्हा एकाच खोलीत मावत होत्या. असं काही पुन्हा होईल अशा भ्रमात मी नाही, पण सुटं विकणाऱ्या छोट्या दुकानदारांना एकत्र घाऊक खरेदीला सरकारने हात दिला तर निदान ते उभे राहतील.

दुकानाच्या मालकांनाही एक सांगा, विषय निघालाच आहे तर. काउंटरवरच्या पोरींना बसायला स्टूल द्या म्हणावं. केरळने २०१८ ला आणि तमिळनाडूने २०२१ ला दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्याने दिला. माझी भाची अशाच एका दुकानात दहा तास उभी असते. पंचविसाव्या वर्षी तिचे घोटे संध्याकाळी माझ्यापेक्षा जास्त सुजलेले असतात.

राहिला माझा मुलगा. सही घ्यायला सोसायटीची माणसं आमच्या इमारतीत फक्त तीन-चार घरी आली. दारात चांगले बूट दिसले तिथे. मी विचारलं, का केलीस? म्हणाला, "आई, रेट पडेल आपल्या घराचा." मी म्हटलं, अरे, आपण विकणार आहोत का? तो म्हणाला, कधीतरी विकू, मेंटेनन्स बघतेस ना. त्याचंही खोटं नाही. मेंटेनन्सचं बिल दर वर्षी वाढतंय, देखभालीसाठी ठेवलेल्या कॉर्पस फंडाचं व्याज पुरत नाही, आमच्या मजल्यावरची दोन घरं विकून लोक विरारला गेले. इथलं सगळं महाग होत गेलं की घराचा रेट वाढतो, आणि रेट वाढला की आमच्यासारख्यांना इथे राहणं जमत नाही. तो रेटकडे बघतो, मी पिशवीकडे. दोघं एकाच ताटात जेवतो. त्या दिवशी जेवताना आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, त्या दुकानात बासमतीचा तुकडा कसा असेल गं?

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. दुकान आणा असंही मी म्हणत नाही. निर्णय घ्याल तो रस्ता, जिना, दरवाजा, टेम्पो बघून घ्या. निवेदनातलं तिसऱ्या मुद्द्याचं दीड पान बाजूला काढून ठेवा. आणि बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली आहे असं ऐकते, ती रविवारी ठेवा किंवा रात्री आठनंतर. अकराला माझे डबे भरून निघतात, वहिनी नातवाला शाळेत सोडायला जातात, वाण्याच्या दुकानात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

बैठकीची सूचना टॉवरच्या लॉबीत, लिफ्टशेजारी काचेच्या चौकटीत लावली आहे. तिथे आम्हाला जाता येत नाही. एक कागद मागच्या गेटवरही चिकटवायला सांगा. वॉचमन नाही, पण कचऱ्याच्या गाडीच्या वर भिंत मोकळी आहे.

आपली,
डिलाईल रोडची एक रहिवासी