टपावरचे दिवे लावा, पण फ्यूज टाकून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अक्कलकोट रोडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. कांद्याचा हंगाम सुरू झाला की सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीकडे रात्रभर पिकअप येत राहतात, आणि त्याच दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, कुठल्याही रस्त्याला अंधारात समोरची गाडी केवढी उंच आहे ते हेडलाईटवरून कळत नाही. म्हणून पिकअपच्या टपावर मार्कर लाईट, म्हणजे गाडीची उंची-रुंदी दाखवणारे छोटे दिवे, बसवून घेणारे मालक वाढले, ते मला मनापासून पटतं. काळजी वाटते ती ते दिवे जोडण्याच्या पद्धतीची.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक पिकअप आली. टपाच्या आतलं कापड जळून काळं पडलेलं. उघडून बघितलं तर बॅटरीवरून थेट वायर ओढलेली, मध्ये फ्यूजच नाही. पत्र्याला भोक पाडून त्यातून वायर तशीच आत सोडलेली, भोकाच्या कडेला बसवायची रबरी कडी, म्हणजे ग्रोमेटसुद्धा नाही. पत्र्याची कड धारदार असते. गाडी धक्के खाते तशी ती कड वायरचं आवरण कापत जाते. गाडीची सगळी बॉडी म्हणजे अर्थ, म्हणजे ती बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. तांबं पत्र्याला टेकलं की बॅटरीतला सगळा करंट त्या बारीक वायरमधून धावतो, वायर लाल होते आणि कापड पेटतं. ड्रायव्हर जागा होता म्हणून निभावलं. अवघ्या काही रुपयांचा ५ अँपिअरचा फ्यूज असता तर तो उडाला असता, दिवे विझले असते, एवढंच झालं असतं. आणि तो फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. दिव्यापाशी टाकला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही.

काही जण पार्किंग लाईटची वायर सोलून तिथेच जोड मारतात. दिवे एलईडीचे असतील तर करंट फार लागत नाही, पण ५ वॅटचे पाच बल्ब लावले की बारा व्होल्टवर दोन अँपिअर जादा जातात, तेही कंपनीने तेवढा हिशोब न धरलेल्या वायरमधून. पार्किंग लाईटच्या वायरने फक्त रिले (थोड्या करंटवर चालू होणारा स्विच) चालू करायचा आणि दिव्यांचा करंट फ्यूजमधून वेगळा द्यायचा, हीच रीत चांगली. बीएस-६ गाड्यांची मूळ वायरिंग तर कापूच नये; वॉरंटीचा प्रश्न येतो.

जोडावर नुसती काळी टेप गुंडाळणं सोलापुरात चालत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की टपाला हात लावता येत नाही. टेपचा गोंद सुटतो आणि सांधा उघडा पडतो. हीट श्रिंक नळी (गरम केली की आकसून जोडावर घट्ट बसणारी) घालायला दोन मिनिटं लागतात. भोकाच्या कडेला प्रायमर लावला, दिव्याखाली सिलिकॉन भरलं, की पत्रा गंजत नाही आणि पाणी केबिनच्या खांबातून उतरून फ्यूज बॉक्सवर जात नाही. अर्थची वायर बोल्टला लावताना खालचा रंग खरवडायचा, नाहीतर दिवे मिणमिणतात.

रंगाबद्दलही बोललं पाहिजे. पुढच्या बाजूला पांढरा, मागे लाल. हौसेखातर पुढे लाल-निळे लुकलुकणारे दिवे लावले की समोरच्याला रुग्णवाहिका किंवा पोलिसांची गाडी वाटते. पोरं मोबाईलवर अमेरिकन पिकअप बघून टपावर ओळीने पाच पिवळे दिवे मागतात. तिकडे ८० इंच किंवा त्याहून रुंद गाड्यांना ते सक्तीचे आहेत. आपली पिकअप तेवढी रुंद नसतेच.

उलट आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. मागचा माल भरायचा हौदा केबिनपेक्षा रुंद असतो, वर पोती रचली की आणखी फुगतो. दिवे केबिनच्या टपावर असल्याने समोरच्याला गाडी आहे त्याहून अरुंद दिसते आणि तो तेवढ्याच अंदाजाने बाजू देतो. हौदा बांधणाऱ्यांनी वरच्या चारही कोपऱ्यांवर दिव्यांसाठी जागा आणि वायरसाठी नळी ठेवावी.

आरटीओच्या साहेबांना विनंती, की फिटनेसच्या वेळी रिफ्लेक्टर बघता तसं बाहेरून ओढलेल्या वायरीवरही एकदा टॉर्च मारावा. आणि गाडीमालकांनो, दिवे बसवून झाले की वायरिंगवाल्याला फ्यूज कुठे टाकलाय ते दाखवायला सांगा. तो दाखवेपर्यंत पैसे देऊ नका.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
अक्कलकोट रोड, सोलापूर