शीळ कशी दाखवायची, हे शिकवणाऱ्या सेन्सेईंना

आदरणीय सेन्सेई,

सप्रेम नमस्कार.

जपानीत पत्र लिहायचं तर आधी ऋतूबद्दल दोन ओळी लिहाव्या लागतात, मग प्रकृतीची चौकशी. तेवढ्यात माझं जपानी संपतं. म्हणून मराठीत लिहितेय. मंगळवारी शुवा, म्हणजे खुणांची भाषा, शिकायच्या सर्कलला येईन तेव्हा हेच सगळं हातांनी सांगेन. चुकले तर तुमच्या भुवया काय ते सांगतीलच.

पहिल्या कार्यक्रमात आम्ही ‘उए ओ मुइते आरुको’, म्हणजे ‘वर बघत चालू या’, हे गाणं हातांच्या खुणांनी केलं होतं. क्यू साकामोतोंचं 1961 सालचं गाणं, इथल्या आजीआजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ. 1963मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं, तेही ‘सुकियाकी’ या नावानं. सुकियाकी हा मांसाचा रस्सा, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्या एखाद्या विरहगीताला परदेशात कुणी ‘पिठलं-भाकरी’ म्हणावं तसं. आम्ही हसायचो या गोष्टीला. आणि स्टेजवर जाऊन आम्हीही जवळपास तेच केलं.

तीन महिने तालीम केली होती. गाण्यातल्या प्रत्येक शब्दाला एक खूण, त्याच क्रमानं, तालावर. कार्यक्रम संपला आणि सगळे ‘जोझु, जोझु’, म्हणजे ‘छान, छान’, म्हणत होते. एका बाईंनी डोळे पुसले. तुम्ही मागच्या खोलीत आलात, वहीवर लिहिलंत आणि वही माझ्यापुढे धरलीत: ‘हात सुंदर हलत होते. काय चाललं होतं ते मला कळलं नाही.’

मला राग आला होता. आज सांगून टाकते. निशी-कासाईला घरी पोहोचेपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. ज्यांना ऐकू येत नाही अशा तुमच्यासारख्यांसाठी म्हणून हे केलं, त्यांनीच असं म्हणावं? मग लक्षात आलं, की ज्यांच्यासाठी केलं त्यांना आम्ही आधी विचारलंच नव्हतं. टाळ्या वाजवणारे सगळे ऐकू येणारे होते.

आम्ही जपानी भाषाच हातांवर चढवली होती. जपानी शुवा ही वेगळी भाषा, तिचं व्याकरण वेगळं, ते निम्मं चेहऱ्यावर असतं. भुवया, हनुवटी, नजर कुठे वळते, मान कधी हलते. ‘माझं डोकं खाऊ नकोस’ हे शब्दाला शब्द जपानीत सांगितलं तर समोरचा पोलिसांना बोलावेल, हे मला दुसऱ्या कुणी समजवायला नको होतं. पण हातांच्या बाबतीत ते तुम्हीच समजावलंत.

हातांनी गायची ही तऱ्हाच अनेक कर्णबधिर मंडळींना आवडत नाही. ऐकणाऱ्यांनी ऐकणाऱ्यांसाठी मांडलेला खेळ, असं त्यांचं म्हणणं. तुमचंही बरंचसं तेच मत आहे. शाळेत हात हलवले की हातावर फटका बसायचा आणि गाण्याच्या तासाला न ऐकू येणारे सूर घशातून काढायला लावायचे, हे तुम्ही एकदा सांगितलं होतंत. गाणं या गोष्टीवर राग धरायला तुमच्याकडे चांगलं कारण होतं. तरी चार शनिवार दिलेत.

पहिला शनिवार एका ओळीत गेला. तर्जनी आणि मधलं बोट खाली करून पावलं टाकायची, हे मला येत होतं. ‘तुझी बोटं चालतायत, तू उभी आहेस,’ तुम्ही म्हणालात. मग हनुवटी वर. मग खांदे. मग आसू. चिमटीत धरलेला थेंब मी डोळ्याखालून थेट हनुवटीपर्यंत आणला, तसा तुम्ही मध्येच माझं मनगट पकडलंत आणि चिमूट परत पापणीखाली नेऊन ठेवलीत. तिथेच. हा माणूस वर बघत चाललाय कशासाठी? आसू पडू नये म्हणून! आणि मी तीन महिने तो दिमाखात पाडत होते.

गाण्यात वसंत, उन्हाळा, शरद येतात. तुमच्या भाषेत वसंत म्हणजे दोन्ही हातांनी खालून अंगावर घेतलेली ऊबदार झुळूक, ‘उबदार’ची जी खूण तीच. उन्हाळा म्हणजे पंखा. जपानी शब्दांपेक्षा हे मला लवकर पाठ झालं.

पण खरी अडचण शिळेची. मध्ये शब्दच नाहीत, नुसती शीळ आहे. आम्ही तिथे हात खाली सोडून थांबायचो, कारण आम्हाला ती ऐकू येत होती. ‘तुम्ही थांबता तेव्हा माझं गाणं बंद पडतं,’ तुम्ही म्हणालात. शीळ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं, वडिलांमुळे. सायकल पुसताना त्यांचे ओठ गोल व्हायचे, डोळे कुठेतरी लांब लागायचे आणि त्या वेळी त्यांना हाक मारायची नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही उठलात आणि करून दाखवलंत. गोल ओठ, लांब नजर, हातातलं फडकं हळूहळू फिरतंय. खोलीतले आम्ही सात जण गप्प. मला तर ती शीळ ऐकूच आली, असं लिहिणार होते. पण ऐकू आली नाही. दिसली.

गेल्या रविवारी तेच केलं. शिळेच्या जागी कुणी खूण केली नाही, सगळे चालत राहिलो. पुढच्या दोन रांगांतले हात वर जाऊन थरथरले, कर्णबधिरांच्या टाळ्या त्या, त्यात तुमचेही हात होते.

डाव्या हाताच्या पाठीवर उजवा हात उभा ठेवून तो वर उचलायचा, की झालं ‘आरिगातो’. बक्षीस घेताना सुमो पैलवान हात फिरवतो त्यावरून आलेली खूण, तुम्हीच सांगितलंत. स्टेजवरून मी ती तुमच्याकडे बघून केली होती.

शेवटच्या कडव्यात माझा डावा हात चुकला. तुम्ही ते पाहिलंत, हे मी पाहिलं. मंगळवारी वही घेऊन या.

तुमची,
निशी-कासाईची विद्यार्थिनी