फळ्यावर खडूनं लिहिणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

एकाच इमारतीत राहून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. समोर भेटून आभार मानले तर तुम्ही "बरं बरं, चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता, हा अनुभव आहे. शिवाय हे इतर आईबापांनीही वाचावं असं वाटतं. आमच्यासारखी घरं पुण्यात खूप आहेत.

लातूरहून कोथरूडला आलो तेव्हा मुलांना कुठे न्यायचं याची माहिती कमी नव्हती, उलट फार होती. मोबाइल उघडला की कार्यशाळा, जत्रा, फेस्टिव्हल. सगळ्यांचे फोटो सारखे आणि सगळीकडे 'धमाल'. सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा या दोघांना एकत्र झेपेल असं त्यात काय आहे, ते मात्र कुणी सांगत नव्हतं. आणि एक दिवस लिफ्टशेजारच्या फळ्यावर, टँकरच्या सूचनेखाली, तुमचं अक्षर दिसलं. पेपरातल्या 'आजचे कार्यक्रम'मधून निवडून तुम्ही लिहिता ते. पुढे तुमचा शेरा: "भाषणं फार, शेवटचा अर्धा तास गाठा." "फुकट आहे, सतरंजी न्या." "कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद." एका कार्यक्रमापुढे तर नुसतं "नको" होतं. का नको, ते नाही. तेव्हाच मी ठरवलं, या बाईंचं ऐकायचं.

केळकर संग्रहालयासाठी तर तुमचे विशेष आभार. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "सगळं बघायला जाऊ नका. अडकित्ते, दिवे, मस्तानी महाल. झालं. बाहेर पडा आणि काहीतरी खा." दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात जाते, शेजारच्या दालनात अजून काय काय आहे म्हणत मी मुलांना फरफटत नेलं असतं, हे तुम्हाला ठाऊक असणार. मुलीला तुम्ही काम दिलंत, तिला सगळ्यात चमत्कारिक वाटेल तो अडकित्ता शोधायचा आणि त्याचं चित्र तुम्हाला आणून द्यायचं. ती काचेसमोर वही घेऊन बसली ती उठेना. अडकित्ता म्हणजे काय हेच तिला आधी माहीत नव्हतं, आमच्या घरी सुपारी कोण खातंय! धाकटा दिवे बघत हिंडला. मस्तानी महाल मूळचा आपल्या कोथरूडचा, तिथून आणून शुक्रवार पेठेत पुन्हा उभा केलेला, हे कळल्यावर "मग परत कधी नेणार?" असा त्याचा सवाल होता. 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' या नावातला राजा म्हणजे केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा, हेही मुलीला तुम्हीच सांगितलंत. मला ते नीट सांगता आलं नसतं.

दिवाळीतल्या किल्ल्याचं श्रेयही तुमचंच. पार्किंगच्या कोपऱ्यात माती आणि पोती आणून टाकायला कमिटीला तुम्ही राजी केलंत, हे कसं जमलं ते तुम्हीच जाणे. सगळे सिंहगड करतात म्हणून पोरांना तोरणा करायला लावलात. आईबापांनी मातीला हात लावायचा नाही हा नियम घातलात (आमच्या ह्यांना तो फार जड गेला). अळीव वेळेत पेरायला लावलेत, म्हणून वसुबारसेपर्यंत डोंगर हिरवा झाला. आधी संभाजी उद्यानात महापालिकेच्या स्पर्धेतले किल्ले दाखवून आणले असते तर मुलं त्यांचीच नक्कल करत बसली असती. तुम्ही ते मुद्दाम नंतर दाखवलेत.

बाकीच्या सूचना मी सरळ पाळते. पेठांतले देखावे पहिल्या दोन-तीन दिवसांत, संध्याकाळी लवकर. गौरी जेवल्या की लहान मुलांना घेऊन तिकडे फिरकायचं नाही. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन, तेही सकाळी. पेशवे उद्यानात १९५६ पासूनची फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी, पण चालू आहे का ते विचारूनच निघायचं. मे महिन्यात बालनाट्याला गेलो तर कडेच्या खुर्च्या, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर कुणाच्या पायांवरून जायला नको.

एका बाबतीत मात्र आपलं जमत नाही. उन्हाळी शिबिरं म्हणजे पोरं ठेवायची सोय, असं तुम्ही म्हणता. काकू, दोघंही नोकरी करणाऱ्या घरात ती सोय हीच तर गरज आहे. तुम्हाला नातवंडांसाठी घरी थांबता आलं. मला अर्ध्या दिवसाची रजा मागतानाही दहा वेळा विचार करावा लागतो. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात फळ्यावर शिबिरंही येऊ द्या. त्यांच्यापुढे शेरा कितीही तिखट लिहा, आम्हाला तोच हवा असतो.

आता विज्ञान दिनाचं. २८ फेब्रुवारीला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत गर्दी होते, लहान मुलांना पुढचं दिसत नाही, हे तुम्ही सांगितलं आहेच. त्यामुळे यंदा आम्ही नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या भल्यामोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्राचं प्रदर्शन असतं तेव्हा जायचं म्हणतोय. तिथल्या तीस अँटेना, एकेकीचा व्यास ४५ मीटर, ह्या आकड्यांनी मुलगी आधीच वेडी झाली आहे. तिसाच्या तीस मोजायच्या असा तिचा हट्ट आहे. त्या पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. गाडीत पुढची जागा तुमची. गुडघ्याचं कारण चालणार नाही, गाडी कुठपर्यंत आत जाते ते मी आधी विचारून घेते. डब्याचंही तुम्ही बघू नका. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे.

आपली,
पहिल्या मजल्यावरची शेजारीण